ज्याचा त्याचा सर्व्हर

माझ्या ताईच्या धाकट्या दिरांइतका वाटणीवेडा माणूस उभ्या खानदेशात झाला नसेल. वाटणी जमिनीची नव्हे हो, तिच्यावर त्यांनी कधीच पाणी सोडलं होतं! पण ज्याचं त्याला वेगळं मिळालं पाहिजे, हा त्यांचा धर्म. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणत असू. भरिताची पार्टी ठरली की नाना कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर प्रत्येकाच्या नावाचं वांगं भाजत आणि ज्याच्या त्याच्या तिखटाप्रमाणे वेगळं ठेचत. "एकनी मिरची दुसराना घासमा काबर?" असं वर विचारत; 'काबर', म्हणजे 'कशाला', हा त्यांचा आवडता शब्द. शेवटच्याचं भरीत होईपर्यंत पहिल्याला पुन्हा भूक लागलेली असे. दुसरं वेड काटकसरीचं. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की ते धावत जाऊन बटण बंद करत. मी लघुशंकेला उठलो तरी माझ्या डोक्यावरचा दिवा विझे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस या गृहस्थांनी मेहरूणमध्ये कॉम्प्युटर क्लास काढला. पुढच्या खोलीत माझ्या टायपिंग क्लासचे टाइपरायटर खडखडत, मागच्या खोलीत त्यांचा एक मोठा कॉम्प्युटर आणि त्याला वायरींनी जोडलेले पोरांचे पडदे. वेबचे प्रोग्राम शिकवायचे तर इतर क्लासवाले सगळ्या पोरांना मिळून एकच सर्व्हर, म्हणजे पोरांचे प्रोग्राम चालवून पडद्यावर पानं दाखवणारा मुख्य प्रोग्राम, चालू करून देत. एकाने घोळ घातला की तो सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायचा, आणि सगळ्यांचंच काम अडायचं. हे नानांना कसं पटावं? त्यांनी त्या एकाच कॉम्प्युटरवर प्रत्येक पोराचा स्वतंत्र सर्व्हर चालू केला. ही अक्कल त्यांना सुचली ती चोपड्याला माझ्या ताईच्या शेतात, केळीला लावलेल्या ठिबकच्या नळ्यांकडे बघत. "केयीना हरेक झाडले येगळी नळी शे ना? मंग पोऱ्हेसले एकच सर्व्हर काबर?" बिचाऱ्या कॉम्प्युटरची मेमरी तुटपुंजी, त्यात एवढे संसार! एक पान उघडेपर्यंत माझा एक चहा होत असे.

त्या क्लासात रावेरची सुनंदा होती. केळीचा कोणता ट्रक कुठल्या गावाला निघालाय, त्यात किती जागा उरलीय, हे दाखवणारा प्रोग्राम तिने केला होता. पुण्याच्या कंपनीचे एक साहेब तो पाहायला येणार होते. तिच्या वडिलांनी साफ सांगितलं होतं, साहेबांनी निवडली तर पुणे, नाहीतर सामान बांधून रावेर. नाना तिच्याहून जास्त घाबरलेले. सकाळपासून त्यांनी तीनदा देवाला हात जोडले आणि मला टाइपरायटर हळू बडवायला लावले.

साहेब बसले, सुनंदाने ट्रकची नोंद भरायला घेतली, आणि नेमक्या त्याच वेळी क्लासातल्याच धुळ्याच्या एका शहाण्या पोराने आपला प्रोग्राम 'जरासा सुधारला'. तो प्रोग्राम न थांबता गरागरा फिरत सुटला, कॉम्प्युटरची सगळी ताकद एकटाच खाऊन बसला आणि सगळे पडदे थिजले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. सुनंदाचे डोळे भरून आले. एकच सर्व्हर असता तर तो बंद करावा लागला असता आणि पोरीची नोंद गेली असती. नानांनी फक्त धुळेकराचा सर्व्हर शोधून बंद केला. क्षणात सुनंदाच्या पडद्यावर ट्रक हजर! साहेब म्हणाले, "पुढच्या महिन्यात पुण्याला या." नानांनी आनंदाच्या भरात धुळेकरालाच मिठी मारली.

सुनंदा पुण्याला गेली. नवी पोरं आली, कॉम्प्युटर आणखीच धापा टाकू लागला. एकदा पोरांनी मलाच दाखवलं, सुनंदाचा सर्व्हर अजून चालूच होता. वापरणारं कुणी नाही, उगाच मेमरी अडवून बसलेला. मी नानांना म्हटलं, "रिकाम्या खोलीतला पंखा सोडत नाही तुम्ही, आणि हा?"

नानांनी वायरींवरची धूळ पुसायला घेतली. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे भाऊ. पोर येई कव्हय तरी. तिनी जागा ऱ्हावाले जोयजे ना."

क्लास बंद होईपर्यंत तो सर्व्हर चालू होता.