सिंगापूरचं घड्याळ

जळकोटला हायवेवर माझ्या खताच्या दुकानासमोर एका परदेशी कंपनीचं सोयाबीन खरेदी केंद्र आहे. तिथला माणूस दोन घड्याळं घालतो. डाव्या हातात आपलं, उजव्या हातात सिंगापूरचं, कारण कंपनीचा पैसा तिथून हलतो. डॉलर बघून सकाळी तिथून भाव येतो आणि तिथलं ऑफिस पाच वाजता, म्हणजे आपल्या अडीचला बंद झालं, की तो भाव संपतो. सोलापूरच्या पुढं कधी न गेलेला हा गडी सिंगापूरबद्दल सासुरवाडीसारखं बोलतो. "आज सिंगापूर लई खुशीत हाय, काका," म्हणत माझा चहा पितो. नियमाला मात्र पक्का. अडीचनंतर कुणी आलं, की "आता उद्याच्या भावानं," एवढंच. मला त्याचा राग यायचा.

गेल्या महिन्यात एके दिवशी, उद्या भाव पडणार अशी कुणकुण होती. त्याच दिवशी टेम्पो पंक्चर झाल्यानं माकणीची एक बाई सोयाबीन घेऊन पावणेतीनला पोचली. ती टेम्पोतल्या पोत्यांवरच बसून राहिली. त्यानं डावं घड्याळ पाहिलं, उजवं पाहिलं. मग माझ्यादेखत उजव्याची चावी ओढून काटा मागं फिरवला.

"उतरवा पोती, मावशी. सिंगापूर अजून उघडं हाय."

पावतीवरही त्यानं अडीचच्या आतली वेळ लिहिली.

"वर कळलं तर?" मी हळूच विचारलं.

"कळू द्या. त्यांचा टेम्पो कधी पंक्चर व्हत न्हाय, काका."

ते घड्याळ अजून वीस मिनिटं मागंच आहे.