पलंगाचा चौथा पाय

सत्त्याण्णव साली मार्चमध्ये वडील गेले. लेथवर लाकूड कातणं हा त्यांचा व्यवसाय. आईचे गुडघे दुखत, म्हणून ते तिच्यासाठी पलंग करत होते. तीन पाय झाले होते, चौथा राहिला. आई जमिनीवरच झोपत राहिली. तो पाय दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायला मन होईना, म्हणून मी उद्यमनगरातल्या कातकामाच्या नवशिक्यांच्या वर्गात नाव घातलं.

शेजारच्या लेथवर एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर शिकत होते, चंदगडकडचे. स्टिअरिंगला करावा तसा ते आधी लेथला नमस्कार करत. वर्ग सुटला की लाकडाच्या ढलप्या घरच्या बंबासाठी पिशवीत भरून नेत.

वडिलांनी केलेला एक पाय समोर ठेवून मी कातत असे. गोलाई जुळली नाही की पुन्हा पटाशी लावायची. पाय आणखी बारीक व्हायचा.

"पावणं, पलंग करताय का लाटणं?" ते एकदा ओरडले. सगळा वर्ग हसला.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आपला लेथ बंद केला, वडिलांचा पाय उचलला आणि आपल्या पिशवीत ठेवला.

"वडलांनी तीन केलं. चौथा तुमचा हाय. जरा येगळा दिसला म्हणून काय पलंग पळून जातोय व्हय? आई खाली झोपतीय की तिकडं!"

वर्ग सुटताना त्यांनी तो परत दिला. तोवर नव्या लाकडातून माझा पाय झाला होता, थोडा जाडच.

त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. आई त्या पलंगावर शेवटपर्यंत झोपली. आता ती नाही. पलंग आहे, त्यावर माझी पुस्तकं असतात.