इंटरव्हलच्या आधीची कामवाली

सिनेमातलं मला काही कळत नाही, पण म्हणून मत असू नये असं थोडंच आहे? आम्ही लालबागला राहतो, परळचं थिएटर चालत दहा मिनिटांवर. महिन्याला दोन पिक्चर तरी होतातच.

गेल्या महिन्यात एक ऐतिहासिक पाहिला. त्यात माणसांपेक्षा घोड्यांनी बरं काम केलंय. प्रत्येक घोडा स्लो मोशनमध्ये धावतो, त्यामुळे कुमक पोचेपर्यंत गड गेलेला असतो आणि आपल्याला काही नवल वाटत नाही. त्याआधी एक मराठी कौटुंबिक. चार भावंडं कोकणातल्या घराची वाटणी करायला जमतात, ड्रोन माडांवरून फिरतो, खाडीवरून फिरतो, शेवटी सगळे रडतात आणि मासे जेवतात. ड्रोन बिघडला असता तर पिक्चर अर्ध्या तासात आटोपला असता. हे सगळं मी थिएटरात बसूनच बोलतो. हळू बोलतो असं मला वाटतं, बायकोला तसं वाटत नाही.

माझा खास राग हिंदीवर. तिथे मराठी माणूस एक तर हवालदार, नाहीतर कामवाली. ऑफिसातला माझा कॅथलिक मित्र, मूळ गिरगावचा, तो म्हणतो, "तुम्हाला निदान कामाला तरी लावतात रे. आमचा माणूस सकाळी अकरापासून टाइट!"

बायको बँकेत आहे. वीस वर्षं बँकेच्या नाटकांत काम करते, स्पर्धेत दोनदा अभिनयाचं बक्षीस मिळालंय. तिसरी घंटा झाली तरी माझं तोंड सुरूच असतं, म्हणून हल्ली ती मला प्रयोगाला नेत नाही.

मध्यंतरी एका रविवारी तिनेच सकाळच्या शोची तिकिटं काढली, तीही हिंदीची. ठेवणीतली साडी नेसली. मला वाटलं, नंतर कुठे जेवायला जायचं असेल.

पिक्चर एका श्रीमंत जोडप्याचा होता. दोघं दुःखी, आणि दुःखाला समुद्र दिसणारा चार खोल्यांचा फ्लॅट. नायिका जेवत नाही, खिडकीपाशी उभी राहते. मी म्हटलं, खिडकीला तरी पगार द्या. बायको हसली नाही. इंटरव्हल जवळ आला तेव्हा स्वयंपाकघरातून पदर खोचलेली एक बाई पाठमोरी बाहेर आली. मी बायकोच्या कानाला लागलो. "आली बघ आपली कामवाली. आता हेल काढून दोन शब्द बोलणार, की झालं."

बाई वळली. ती माझी बायको होती.

तिने नायिकेसमोर वाटी ठेवली, "थोडा खा लो ना, दीदी," म्हणाली आणि आत गेली. मी शेजारी पाहिलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती.

दिवे लागले. दोन दिवस दुसऱ्या शाखेत ऑडिट आहे असं सांगून ती शूटिंगला गेली होती, हे तेव्हा कळलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू शूटिंगच्या आधीच पिक्चर पाडला असतास." मग म्हणाली, "कसं झालं माझं?"

"मस्त!"

"तू आजवर कुठल्या पिक्चरला मस्त म्हणालायस?"

मला स्वतःची लाज वाटली. ओळखदेख नसलेल्या माणसांविषयीची माझी मतं ती वीस वर्षं ऐकत आली. आज तिला स्वतःबद्दलचं एक हवं होतं, आणि मी लग्नाच्या पंगतीतल्यासारखं गोड बोलून वेळ मारून नेत होतो. त्यात आधीचं ते कानातलं वाक्य तिने ऐकलंच होतं.

उत्तरार्धात ती पुन्हा दिसली नाही. उरलेला पिक्चर मी धड पाहिलाच नाही, तेवढाच सीन आठवत बसलो. घरी चालत येताना म्हटलं, "वाटी ठेवल्यावर तू लगेच हात काढून घेतला नाहीस. वाटी बोटाने थोडी तिच्याकडे सरकवलीस. ते कोणी सांगितलं होतं?"

ती फुटपाथवरच थांबली. "कोणी नाही. ते माझं."

"ती मुलगी उपाशी आहे हे मला तिथे कळलं. खिडकीपाशी नाही."

तिने डोळे पुसले.

"पण 'दीदी' जरा जास्तच गोड झालं."

"हो रे, मलाही तसंच वाटलं," ती म्हणाली आणि नाक शिंकरून चालू लागली. चार पावलांवर म्हणाली, "त्यांनी दुसऱ्या पिक्चरला बोलावलंय. चार सीन आहेत."

"काय काम आहे?"

"कामवाली. आणि मी विचारत नाहीये, सांगतेय."

जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं. म्हटलं, "तारीख कळली की सांग, मीही रजा टाकतो. बघायला येतो."

"ये," ती म्हणाली. "पण तिथे कॅमेरा आवाजही घेतो."