बापावर गेलाय

माझा मुलगा अडीच वर्षांचा होईपर्यंत त्याला कोणी डॉक्टरकडे नेलं नाही, कारण माझ्या सासऱ्यांनी निदान आधीच करून ठेवलं होतं: बापावर गेलाय.

कोलकात्याच्या बंदराजवळ, खिदिरपूरला, माझा जहाजांवरच्या जुन्या सामानाचा धंदा आहे. दोर, दिवे, पितळेच्या कड्या. तो मी शून्यातून उभा केला, आणि आवाज चढवल्याशिवाय तो उभा राहिला नसता. सासुरवाडीची माणसं पिढ्यानपिढ्या याच शहरात शिक्षकी केलेली. त्यांच्या घरी कोणी ओरडत नाही. त्यामुळे मुलगा चावला, जमिनीवर डोकं आपटू लागला, की सगळे आधी माझ्याकडे बघत.

"जावईबापू, तुमच्याच दुकानातला माल हा," सासरे म्हणायचे. "भाव पाडून मागितला की भडकतो."

सगळे हसायचे. माझी बायकोही.

एका रविवारी त्यांच्याच घरी मुलाने एका बशीसाठी आकांत मांडला. मी नुसता बघत राहिलो. दुकानात गिऱ्हाईक तावातावाने उठून गेलं तरी दारापाशी त्याची नजर मागे वळते, मी हाक मारतोय का ते बघायला. माझं भडकणंही निम्मं समोरच्यासाठीच असतं. शेजारची पोरंसुद्धा रडता रडता आई बघतेय ना, याची खात्री करून घेतात. माझा मुलगा कोणाकडेच बघत नव्हता. हाका मारल्या, वळला नाही. बशी दिली, तर ती गरगर फिरवत बसला. मग आठवलं, दुर्गापूजेच्या सुमारास तो 'आई' म्हणायचा, 'भूभू' म्हणायचा. ते शब्द कधी गेले?

"उद्याच डॉक्टरकडे न्यायचं," मी म्हणालो.

"घरात मराठी, बाहेर बंगाली, पोर गोंधळलंय. मुलगे उशिराच बोलतात," सासरे म्हणाले. "तुम्ही आधी स्वतःचा आवाज कमी करा."

"माझ्या आवाजाला घाबरून शब्द पळाले काय, बाबा?"

बायको रडली, पण दुसऱ्या दिवशी आली.

डॉक्टरबाईंनी रागाबद्दल फारसं विचारलंच नाही. बोट दाखवून काही मागतो का? आवडलेली वस्तू आणून दाखवतो का? दोन्हींना आमचं उत्तर 'नाही'. चावणं, लोळणं या वयात पुष्कळ मुलं करतात, त्या म्हणाल्या. दोन भाषांनीही मूल मुकं होत नाही. पण आलेले शब्द गेले, हाकेला वळत नाही, असं दिसलं की वाट बघायची नाही. आधी कान तपासू, मग बाकीची वाढ.

"याच्या बाबांचा स्वभाव तापट आहे, म्हणून..." बायकोने विचारलं.

"त्याने शब्द जात नाहीत."

"बरा होईल ना?" मी विचारलं.

"आत्ता सांगता येणार नाही."

मी तेच निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारलं. बाई तसूभर हलल्या नाहीत.

टॅक्सीतून बायकोने वडिलांना फोन लावला. "नाही बाबा, हा राग नाहीये," ती म्हणाली, आणि पुढे बोलवेना म्हणून फोन माझ्या हातात दिला. ऐकवायचं ते मी कधीपासून तयार ठेवलं होतं.

"गुरुवारी कानांची तपासणी आहे," मी म्हणालो.

त्यांनी विचारलं, "किती वाजता येऊ?"

माफीचा शब्द नव्हता. ती उधारी मी अजून सोडलेली नाही. पण तपासणीच्या वेळी मुलाला धरायला आणखी एक माणूस लागणार होता.

"साडेनऊला," मी म्हणालो.