द्रौपदाच्या ध्यानातला दगड

लोणीत द्रौपदाच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. नवरा तुळशीदास गेल्यावर तिनं एकटीनं शेत राखलं. बांध कोरणाऱ्या एका गड्याला तिनं चाबकानं फोडून काढलं होतं. भावकीत हद्दीवरून अडलं की लोक मोजणीवाल्याआधी तिला विचारत. तिच्या ध्यानात असेल तेच खरं, आणि याचा तिला भारी तोरा.

मग छातीत गाठ निघाली, पुण्यात केमो घ्यावी लागली. गाठ गेली, केस परत आले. पण दूध चुलीवर ठेवून ती दळणाला निघून जाई, नातेवाइकांची नावं जिभेवर अडत. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे औषधामुळं होतं, बहुतेकांचं हळूहळू सुधारतं. रोज चाला, पुरेसं झोपा, एका वेळी एकच काम करा आणि करताना मोठ्यानं बोला. द्रौपदानं चालायला बांधच निवडला. हातात कुदळीचा दांडा घेऊन, कुठला दगड कुणाचा ते मोठ्यानं सांगत ती शेताला फेरी घाली. डोक्याला व्यायाम आणि भावकीवर नजरही.

एका सकाळी वरच्या कोपऱ्यातला दगड तिला हातभर आत सरकलेला दिसला. शेजारी पुतण्या सुभाष कांद्याला पाणी देत होता. तिनं जाब विचारला.

"काकी, दगड हाये तितंच हाये," तो म्हणाला. "केमोनं तुमच्या ध्यानात ऱ्हात न्हाई."

हेच तिला झोंबलं. तिनं दांडा उचलून त्याच्या डोक्यात घातला. सुभाष वाफ्यात कोसळला, डोळे रक्तानं भरले. दुसरा फटका पाठीत बसला, तिसऱ्याला दांडाच मोडला. सुभाषचा भाऊ सूरज कोयता घेऊन धावला. त्याला अडवायला द्रौपदाचा मुलगा प्रबुद्ध. दोघं चिखलात एकमेकांचे गळे धरून लोळले आणि कोयता प्रबुद्धच्या खांद्यात रुतला.

इकडं द्रौपदा पुरावा उकरत होती. वाटणीच्या वेळी तुळशीदास आणि त्याच्या भावांनी हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरला होता, दगड कुणी सरकवलाच तर खूण राहावी म्हणून. तिनं आधी तिच्या ध्यानातली जागा मोडक्या दांड्यानं उकरली. नुसती माती. मग दगड लोटून त्याच्याखाली पाहिलं. काळाभोर कोळसा निघाला. तिच्या ध्यानात होती ती खूण खालच्या मळ्यातल्या दगडाची. दोन दगड तिच्या डोक्यात एक झाले होते.

कुणी पाहिलं नव्हतं. पायानं माती लोटली असती तर गाव तिच्याच बाजूनं बोललं असतं. भलेभले लोटतात. पण पोराचा खांदा रक्तानं न्हाला होता, आणि सूरजनं कोयता पुन्हा उचलला होता.

"सूरज, मला मार," ती ओरडली. "दगड जाग्यावरच हाये. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

असं ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली. सूरजचा हात खाली आला.

सुभाष आणि प्रबुद्ध, दोघांना टाके पडले. द्रौपदा लाजेनं घराबाहेर पडेना, चालणं सुटलं, विसरणं वाढलं. शेवटी डोक्याला पट्टी बांधलेला सुभाषच दारात आला. चला म्हणाला, मी संगं येतो. तुम्ही दगड सांगा, चुकलं तर मी सांगतो.

"दांडा, मोडका का असंना, तेवढा घरी ठेवा."

द्रौपदा उठली. मग पदर खोचत म्हणाली, "ध्यानात न्हाई ऱ्हायचं माझ्या. रोज तूच सांगत जा."