दिवाळीत पुसलेल्या रेघा

धाकट्या भावाला अन्ननलिकेचा कॅन्सर झाला तेव्हा मी ठाण्याचं घर नवऱ्यावर सोपवून कोपरला आईकडे राहायला आले. भावाने लग्न केलं नव्हतं, वडील जाऊनही बरीच वर्षं झाली होती. त्याला रोज रेडिएशनसाठी ठाण्याच्या सेंटरला न्यायचं काम मी घेतलं आणि त्याच्यासोबत घराचा सगळा कारभारही. तो मला कोणी दिला नव्हता. माझा राग कायम नाकावर असतो आणि घरात आजारपण आलं की अशा माणसांचं फार चालतं.

पहिल्याच दिवशी तिथल्या टेक्निशियनने त्याच्या छातीवर आणि पाठीवर जांभळ्या शाईने रेघा मारल्या. मशीन त्या रेघांच्या हिशोबाने लावतात, म्हणून सहा आठवडे त्या पुसायच्या नव्हत्या. साबण नाही, तेल तर मुळीच नाही. मी सूचनांचा कागद फ्रिजवर चिकटवला आणि आईला दोनदा मोठ्याने वाचून दाखवला, जणू तिला वाचता येत नव्हतं. तिने जन्मभर बालवाडीतल्या मुलांना अक्षरंच शिकवली होती.

शीळफाट्याला गाडी अडकली की मी ट्रकवाल्यांवर तोंडसुख घ्यायचे आणि भाऊ हसायचा. "ताई, तुला घाबरूनच पळेल बघ ती गाठ," म्हणायचा.

चौथ्या आठवड्यात दिवाळी आली. नरक चतुर्दशीला मला जाग आली ती उटण्याच्या वासाने. धावत बाथरूमपाशी गेले तर भाऊ पाटावर बसलेला, आई त्याच्या खांद्यांना कोमट तेल चोळत होती आणि दोघं कशावरून तरी हसत होते. छातीवर एकही रेघ धड उरली नव्हती.

"रेघा सोडूनच लावत होते गं," आई म्हणाली. "तेल ओघळलं. पहिली आंघोळ आहे, त्याला कोरडा कसा बसवू?"

"मारून टाक त्याला," मी म्हणाले. "तुझ्याच हाताने मरू दे, म्हणजे सण साजरा होईल."

माझ्या जिभेला हाड नाही, असं आई मला लहानपणापासून म्हणायची. त्या दिवशी तिने फक्त तेलाची वाटी खाली ठेवली. "ताई, मीच म्हटलं तिला लाव म्हणून," भाऊ म्हणाला. तो तिला पाठीशी घालतोय असं मला वाटलं. आई उठली आणि तेलाचे हात साबणाने धुवत राहिली.

सेंटरला दोन दिवस सुट्टी होती. ते दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी टेक्निशियनने भावाची छाती बघितली आणि शांतपणे फाईल उघडली. मापं सगळी लिहिलेली होती. वीस मिनिटांत नव्या रेघा मारून झाल्या. "दर दिवाळीत तीन-चार जण येतात असे," तो म्हणाला. "आया कुठे ऐकतात?"

घरी आलो तेव्हा आई दारातच उभी होती. मी तिला एवढंच म्हणाले, "मारल्या परत." टेक्निशियनचं बोलणंही सांगायला हवं होतं. पण मग मी उगाच बोलले हे कबूल करावं लागलं असतं. त्याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर आईने त्याला हात लावला नाही. ताट स्टुलावर ठेवून ती मागे सरकायची. त्याला ठसका लागला की मला हाक मारायची आणि स्वतः पदर मुठीत धरून उभी राहायची. रेडिएशन संपलं, रेघा हळूहळू धुऊन गेल्या, तरी तिचं तेच. एकदा भाऊ म्हणाला, "आई लांब बसते गं हल्ली. तू सांग ना तिला." सांगते म्हटलं. मग स्कॅनचा रिपोर्ट वाईट आला, पोटात नळी बसवावी लागली, रोज काहीतरी नवीन निघत गेलं आणि ते सांगणं राहिलं ते राहिलंच.

होळीनंतरच्या आठवड्यात एका सकाळी घरीच त्याचा प्राण गेला. शेजाऱ्यांनी त्याला हॉलमध्ये खाली निजवलं. बायका आईला म्हणत होत्या, जवळ जा, बसा त्याच्यापाशी. ती दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. सगळ्यांच्या देखत माझ्याकडे वळून तिने विचारलं, "आता लावू का गं हात?"

मी हो म्हणेपर्यंत ती तशीच उभी राहिली.