सुनंदाताई आणि शेणव्याचे फोटो

कॉम्प्युटर बिघडल्याचा फोन आला की सगळं जग विचारतं, "तुम्ही काय केलंत?" सुनंदाताई विचारायची, "तुमी त्याला काय सांगितलं होतं?" त्याला म्हणजे कॉम्प्युटरला. समोरचा माणूस शिव्या खायच्या तयारीत असायचा, तो एकदम गडबडायचा. मग हळूहळू बोलायला लागायचा आणि ताई मध्ये हूं की चूं करायची नाही.

शहापूरच्या एसटी स्टँडमागे आमचा कॉम्प्युटर क्लास. खाली पिठाची गिरणी, त्यामुळे कीबोर्डवर कायम तांदळाचं पीठ. मी तिथे टायपिंग शिकवायचो आणि उरलेल्या वेळात लोकांच्या नकला करायचो. खरं तर उलटं. ताई प्रोग्रॅम लिहायची. तालुक्यातल्या शाळांसाठी तिनं एक प्रोग्रॅम केला होता. पोरांची यादी, निकाल, फोटोवाली ओळखपत्रं, सगळं त्यात.

ताईचा एक कायदा होता. चहावाल्याला तिनं एकदा बिनसाखरेचा सांगून ठेवला होता. तो रोज गोड आणायचा, ती रोज परत पाठवायची.

"अगो ताई, सगळे गोडच पितात," तो वैतागून म्हणाला.

"सगळ्यांना दे ना. ज्यानं काय सांगितलं नाय त्याला तुझं नेहमीचं. मी सांगितलंय ना? मग माझ्यापुरतं माझं."

हाच कायदा तिनं प्रोग्रॅममध्येही घातला होता. पोरांचे फोटो कुठे ठेवायचे ते तुम्ही सांगा, नाही सांगितलंत तर सी ड्राइव्हमध्ये. सी आणि डी हे मशीनच्या पोटातले दोन कप्पे. त्या वर्षांत मशीन हळू झालं की मुरबाडहून एक पोरगा मोटरसायकलवर यायचा आणि सी फॉरमॅट मारून, म्हणजे पुसून कोरा करून, जायचा. व्हायरस असो, पंख्याचा आवाज असो, औषध एकच. डीला मात्र तो हात लावायचा नाही. म्हणून जपायचं ते सगळे डीत ठेवायचे.

शेणवे गावच्या शाळेतले क्लार्क भोईरभाऊ पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकले होते, एका बोटानं. त्यांनीही डीच सांगितलं होतं. तरी फॉरमॅट मारल्यावर अख्ख्या शाळेचे फोटो गेले. पोरांना परत रांगेत उभं करून काढले. पुढच्या फॉरमॅटला ते पण गेले.

भाऊंचा फोन आला. "ताई, तिसऱ्यांदा फोटो काढले गो. मी डीच सांगितलं होतं. हेडमास्तर बोलले, तुमाला जमत नाय. सोमवारपासून मशीन नवीन मास्तरांच्या टेबलावर."

आमचे सर, म्हणजे क्लासचे मालक, लगेच म्हणाले, "त्याचीच चूक असणार. नीट शिकून घे म्हणावं." त्यांना धाकधूक होती, आपली चूक निघाली तर बाकीच्या शाळाही उठतील.

ताई म्हणाली, "सांगितलं म्हणतात, तर सांगितलंच असणार. सांगून पण ऐकलं नाय, तर बहिरा कोण?"

पण तिच्या मशीनवर सगळं बरोबर चालत होतं. डी सांगितलं की फोटो डीत. दुपारभर तिनं डोकं फोडलं. मग माझ्याकडे वळली. "तू भोईरभाऊंची नक्कल करतोस ना? कर."

"आता?"

"मशीनवर बसून कर. सकाळी शाळेत येतात तिथपासून."

मी त्यांच्या शेजारी बसून मशीन लावून दिलेलं, त्यामुळे सगळं पाठ होतं. छत्री खिळ्याला अडकवली. रुमालानं पडदा पुसला. मशीनला नमस्कार केला. एक बोट उगारलं आणि 'ओळखपत्र' उघडलं.

"थांब. पहिलं काय उघडलंस?"

"ओळखपत्र. कार्ड हरवलेली पोरं प्रार्थनेच्या आधीच खिडकीत उभी असतात ना."

"मी कायम यादी उघडते पहिली," ताई म्हणाली आणि कपाळाला हात लावला.

तिथेच मेख होती. माणसानं काय सांगून ठेवलंय ते प्रोग्रॅम वाचायचा, पण यादी उघडल्यावर. आधी ओळखपत्र उघडलं की तो न विचारताच सीमध्ये जायचा, फोल्डर नसेल तर गुपचूप नवीन बनवायचा आणि फोटो तिथे टाकून मोकळा. ओरडला असता तरी कळलं असतं. ताईनं ते वाचणं सगळ्यात वर आणलं. काहीही उघडायच्या आधी सांगितलेलं बघायचं. कुणी काहीच सांगितलं नसेल तरच सी. आणि न विचारता फोल्डर बनवायचं नाही.

सर म्हणाले, "नवीन व्हर्जन आलंय म्हण. चूक वगैरे बोलू नको."

ताईनं नकारार्थी मान हलवली. जीपनं आम्ही शेणव्याला गेलो. आधी सीमधले फोटो डीत हलवले. मग ती हेडमास्तरांसमोर उभी राहिली. "सर, भाऊंनी बरोबर सांगितलं होतं. माझा प्रोग्रॅम ऐकत नव्हता. चूक माझी."

"मग हे आधी का नाय बोललात?"

"भाऊ बोलत होते. आपण कुणी ऐकलं नाय."

हेडमास्तरांनी जरा वेळ पेपरवेट फिरवला. "भोईर, मशीन तुमीच बघा."

भाऊंचा विश्वास बसेना. त्यांनी मुद्दाम ओळखपत्रच पहिलं उघडलं आणि कॅमेरा माझ्याकडे वळवला. "उभा रहा रे. आणि हेडमास्तरांसारखं तोंड करू नको, ते बघतात."

मी नेमकं तेच तोंड केलं. भाऊंनी डी उघडून काचेवर बोट ठेवलं. "हाय. डीतच हाय." मग खुर्ची पुढे ओढून नीट बसले.

त्यानंतर ताईनं बाकीच्या शाळांना स्वतःहून फोन केले. सर दोन दिवस फुगून होते. पुढे तिला ठाण्यात नोकरी लागली, क्लासही बंद झाला.

रिटायर होताना भोईरभाऊंचा मला फोन आला. "मुरबाडवाला येऊन सीतलं सगळं उडवून गेला रे. डीत तुझं थोबाड अजून हाय. जायच्या आधी साफसफाई करतोय. काढून टाकू का? ताईला केला होता पहिला फोन."

"काय बोलली?"

"बोलली, थोबाड त्याचं हाय. तो सांगेल तसं."

मी सांगितलं, राहू दे.